चार विषय, सतरा शीर्षकं आणि प्रश्न एकही नाही

प्रश्न, थोडक्यात:

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचं पत्र आहे. शेवटच्या सत्रात तिला स्वतंत्र प्रकल्प करायचा आहे आणि विषय कुठल्याही शाखेतला घ्यायची मुभा आहे. ही मुभाच तिच्या अंगाशी आली आहे. लोककथा, मानसशास्त्र, व्यवसाय आणि पर्यावरण या चारही क्षेत्रांत तिला रस आहे. वहीत सतरा शीर्षकं लिहून झाली आहेत. एक खोडलं की दोन नवी येतात. वडिलांचं म्हणणं, व्यवसायातलं काहीतरी घे, नोकरीला उपयोगी पडेल. मार्गदर्शक बाई म्हणतात, काहीही घे, पण एकदाचं ठरव. मैत्रीण सुचवते, चारही एकत्र कर, हल्ली आंतरविद्याशाखीय विषयांना भाव आहे. तीन आठवड्यांत आराखडा द्यायचा आहे. ती लिहिते, "पर्याय जास्त झाले की माणूस निवडूच शकत नाही, असं मानसशास्त्राच्या तासाला शिकलो होतो. माझं तेच झालंय. विषय चुकला तर वर्ष वाया जाईल आणि पुढची दिशाही चुकेल. चारांतला कोणता घेऊ?"

उत्तर:

तुझ्या पत्रात व्यवसायाला दोन ओळी आल्या आहेत, पर्यावरणाला चार, मानसशास्त्राला एक परिच्छेद. आणि मग अख्खं पानभर तू पाण्यात राहून माणसांना खाली ओढणाऱ्या 'कुणीतरी'बद्दल लिहिलं आहेस. जपानमधला कप्पा, इंग्लंडमधल्या लँकशायरची जेनी ग्रीनटीथ, स्लाव्ह लोकांची रुसाल्का. ज्यांची एकमेकांशी कधी गाठ पडली नाही, त्या लोकांनी आपापल्या मुलांना इतक्या सारख्या तऱ्हेनं का घाबरवलं असेल, असं तू विचारतेस. लगेच पुढच्या ओळीत "पण हा काही प्रकल्पाचा विषय होऊ शकत नाही" असं म्हणून वळतेस आणि सतरा शीर्षकांची यादी देतेस. त्या यादीत 'अमुकचा तमुकवर होणारा परिणाम' या साच्यातली नऊ शीर्षकं आहेत. प्रश्नचिन्ह एकाही शीर्षकापुढे नाही. सगळ्या पत्रात तुला खरोखर पडलेला प्रश्न एकच आहे, आणि नेमका तोच तू यादीबाहेर ठेवला आहेस.

तो विषय का होऊ शकत नाही, याचं कारण तू दिलेलं नाहीस. बहुधा तो तुला फार मजेचा वाटतो, म्हणून.

आधी ते 'पर्याय जास्त झाले की' प्रकरण मिटवू. तुम्हाला शिकवला तो बहुधा जॅमचा प्रयोग असणार. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. दुकानात एका वेळी २४ प्रकारचे जॅम चाखायला मांडले, दुसऱ्या वेळी ६. चोवीसांभोवती जास्त लोक थांबले, पण त्यांतल्या जेमतेम ३ टक्क्यांनी जॅम विकत घेतला. सहांपाशी थांबलेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांनी घेतला. गोष्ट म्हणून हे इतकं छान आहे की ते सगळीकडे सांगितलं जातं. पण २०१० साली अशा ५० प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. कुठे पर्यायांची गर्दी नडली होती, कुठे उलट तिची मदतच झाली होती. २०१५ मधल्या आणखी एका एकत्रित अभ्यासानं ती नेमकी कधी नडते ते शोधलं. त्यातलं एक कारण असं की आपल्याला काय हवंय हेच ठरलेलं नसतं. दुसरं असं की पर्यायांची आपसांत तुलनाच नीट करता येत नाही. सतरांच्या जागी पाच शीर्षकं असती तरी तू इतकीच अडली असतीस. ती मापायला हातात काही माप नाही, अडचण तिथे आहे.

(जाता जाता: मानसशास्त्र घेणाऱ्या कुणाही विद्यार्थ्यानं हा जॅमचा प्रवास मुळातून वाचावा. एक गाजलेला निष्कर्ष, मग त्याची फेरतपासणी, मग 'कधी लागू, कधी नाही' याचा शोध. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सांख्यिकीय दृष्ट्या ठळक परिणाम होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच दिसला. तासाला ऐकलेलं एखादं वाक्य प्रकल्पाचा पाया म्हणून घेण्याआधी त्याचं पुढे काय झालं ते शोधायचं असतं.)

दुसरी भीती दिशा चुकण्याची. तू असं गृहीत धरलं आहेस की चार विषय म्हणजे चार रस्ते, आणि एकावर पाऊल टाकलं की बाकीचे बंद. एलिनॉर ऑस्ट्रम राज्यशास्त्राच्या विद्यार्थिनी होत्या. त्यांची पीएचडी होती दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूजलावर: जमिनीखालचं पाणी अनेक जण उपसत असताना ते वाचवायची व्यवस्था लोक कशी उभी करतात, यावर. १९६८ साली पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी मांडलं होतं की सामायिक कुरण हे ओरबाडलं जाऊन संपणारच. ऑस्ट्रम यांनी पुढे जंगलं, मासेमारी, पाटबंधारे यांची अनेक देशांतली उदाहरणं तपासून दाखवलं की नेहमी तसं होत नाही, लोक स्वतःच नियम करतात आणि ते पाळतातही. २००९ साली त्यांना नोबेल मिळालं ते अर्थशास्त्राचं, आणि अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. डॅनियल कानेमान मानसशास्त्रज्ञ, त्यांनाही २००२ मध्ये अर्थशास्त्राचंच मिळालं. नोबेलच्या गोष्टी सांगून तुला चढवायचं नाही. ऑस्ट्रम यांनी पाण्याचा एक प्रश्न पकडला होता आणि तो ज्या ज्या शाखेत गेला तिथे त्या मागोमाग गेल्या, एवढंच बघ. आणि तुझं तर एका सत्राचं काम आहे. त्यानं आयुष्याची दिशा ठरेल ही अपेक्षा त्या बिचाऱ्या प्रकल्पाला झेपणारी नाही.

मैत्रिणीचा सल्ला मात्र मला सपशेल अमान्य आहे. चारही शाखा घेऊन केलेल्या प्रकल्पात बहुतेक वेळा चार प्रकरणं असतात, प्रत्येकात त्या त्या विषयाची पाठ्यपुस्तकी ओळख, आणि शेवटी 'हे सर्व घटक परस्परांशी निगडित आहेत' असा निष्कर्ष. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक पहिलंच विचारतात, "यात तुम्ही काय शोधलंत?" तिथे गाडी अडते. शाखा एकत्र येतात त्या एखाद्या सामग्रीत, आणि मुद्दाम आणाव्या लागत नाहीत. पॉल बन्यनचं उदाहरण घे. उत्तर अमेरिकेतल्या लाकूडतोड्यांच्या छावण्यांत या अचाट ताकदीच्या लाकूडतोड्याच्या गप्पा चालायच्या. १९१४ मध्ये रेड रिव्हर लंबर कंपनीनं आपलं लाकूड खपवण्यासाठी त्याच्या गोष्टींची जाहिरात-पुस्तिका काढली. विल्यम लॉगहेड या चित्रकार-जाहिरातकारानं त्या गोष्टी नव्यानं लिहिल्या, चित्रं काढली, स्वतःची भर घातली. पुढच्या काही दशकांत पॉल बन्यन साऱ्या देशाचा 'लोकनायक' होऊन बसला. रिचर्ड डॉर्सन या लोकसाहित्याच्या अभ्यासकानं १९५० साली अशा कारखान्यात बनवलेल्या लोककथांवर कडक टीका केली. आता त्या एका पुस्तिकेत काय नाही? लोककथा आहे, धंदा आहे, लोकांच्या मनात एखादी गोष्ट 'आपली' कशी होते हे आहे, आणि जंगलतोडीला शौर्यकथेचा पोशाख कसा चढतो तेही आहे. विद्यार्थ्यानं त्यातला एकच धागा ओढावा: पुस्तिकेच्या आधीच्या छापील गोष्टी आणि नंतरच्या गोष्टी यांत काय बदललं? बाकीचे तीन आपसूक मागून येतात.

ही गोष्ट वडिलांना सांगून बघ. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. मुलीला नोकरी मिळावी ही चिंता खरी आहे. पण 'व्यवसायातला विषय म्हणजे नोकरीला उपयोग' हे समीकरण तपासायला हवं. पदवीच्या पातळीवरचा व्यवसायविषयक प्रकल्प बऱ्याचदा असा होतो: ओळखीच्या पन्नास जणांना गुगल फॉर्म पाठवायचा, 'ग्राहक समाधानी आहेत' असा गोल आलेख काढायचा. कंपन्या आतली आकडेवारी विद्यार्थ्याला सहसा देत नाहीत, म्हणून हे होतं. मुलाखतीत त्या आलेखाबद्दल बोलण्यासारखं फार नसतं. उलट, अनोळखी माणसाकडून तासभर माहिती कशी काढली, विखुरलेल्या मजकुराचा तक्ता कसा केला, स्वतःचा अंदाज कुठे खोटा ठरला, हे सांगता आलं तर समोरचा माणूस ऐकतो. वडिलांशी विषयावर वाद घालू नकोस. या कामातून हाताला कोणती कौशल्यं लागतील ती कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेव. तरीही ते व्यवसायावर अडले आणि तुलाही त्यांचं मन मोडवेना, तर छापील किंवा सार्वजनिक सामग्री असलेला प्रश्न निवड: जुन्या जाहिराती, कंपन्यांचे प्रसिद्ध झालेले वार्षिक अहवाल. कुणाच्या परवानगीवर काम अडणार नाही.

आता माप. सामग्री हे माझं पहिलं माप. येत्या आठवड्यात ती तुझ्या हातात येऊ शकते का? पर्यावरणातले बरेच सुंदर प्रश्न इथेच गळतात, कारण ऋतू विद्यापीठाचं वेळापत्रक बघून येत नाहीत. एका सत्रात मोजलेल्या पाण्यावरून 'प्रदूषण वाढलं' म्हणता येत नाही, वाढलं म्हणायला आधीचं मोजमाप लागतं. दुसरं माप: तुझं म्हणणं खोटं ठरू शकतं का? आणि तिसरं, जे कुणी लिहीत नाही: मार्गदर्शक बाईंना त्यातलं काही कळतं का? त्यांना लोकसाहित्य अजिबात माहीत नसेल तर विभागातलं दुसरं कुणी मसुदा वाचेल का, हे आधी विचार. उत्तम विषय आणि न वाचणारा मार्गदर्शक या जोडीनं बरेच प्रकल्प बुडवले आहेत.

ही मापं तुझ्या पाण्यातल्या भुतांना लावून पाहू.

सगळ्यात सोपं उत्तर तू स्वतःच दिलं आहेस: मुलांनी पाण्याजवळ जाऊ नये म्हणून मोठ्यांनी या गोष्टी रचल्या. हे पटतं, आणि इतकं चटकन पटतं म्हणूनच मला ते खुपतं. ते खरं असेल तर काय काय दिसायला हवं? गोष्टीतला बळी मूल असायला हवं. गोष्टी जास्त करून धोक्याच्या पाण्याबद्दल असायला हव्यात. आणि त्या भुताच्या रूपात त्या पाण्याच्या खऱ्या धोक्याची काही खूण असायला हवी. जेनी ग्रीनटीथ यात चपखल बसते. साचलेल्या पाण्यावर बारीक पानांची हिरवी वनस्पती पसरते, पृष्ठभाग गवताळ जमिनीसारखा दिसतो आणि लहान मूल त्यावर पाय टाकतं. लँकशायरकडे त्या वनस्पतीलाही हेच नाव होतं. कप्पा अर्धवट बसतो, कारण तो मुलांना ओढतो तसा घोड्यांनाही ओढतो. रुसाल्का तर बसतच नाही: ती बहुतेक गोष्टींत तरुण पुरुषांना भुलवते. म्हणजे तुझ्या तीन उदाहरणांतलं एक तुझ्याच उत्तराच्या विरोधात उभं आहे. घाबरू नकोस, प्रकल्प इथेच सुरू होतो.

गोष्टीत उपयोगी माहिती खरोखर टिकू शकते, याचा एक पक्का दाखला आहे. इंडोनेशियातल्या सुमात्राच्या पश्चिमेला सिमेउलुए नावाचं बेट आहे. तिथे १९०७ साली त्सुनामी आली, बरीच माणसं गेली, आणि तिची गोष्ट 'स्मोंग' या नावानं घराघरांत, अंगाईगीतांतसुद्धा, सांगितली जात राहिली: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला की डोंगराकडे पळा. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाचा केंद्रबिंदू या बेटाच्या अगदी जवळ होता. बेटाची लोकसंख्या तेव्हा सुमारे ७८ हजार होती. त्सुनामीत तिथे ७ माणसं गेली. पण यावरून प्रत्येक जलराक्षसात धोक्याची सूचना शोधायला निघू नकोस. स्मोंगच्या गोष्टीत काय झालं की काय करायचं हे स्पष्ट सांगितलं आहे. तुझ्या गोष्टींत तसं आहे का, हे मोजून बघता येईल.

करायचं कसं, तर मला तीन वाटा दिसतात. पहिली, छापील संग्रहांतून अशा पंचवीस-तीस गोष्टी गोळा करून तक्ता करणं: पाणी कोणतं (वाहतं, साचलेलं, खोल), बळी कोण, वय काय, ओढणारं कसं दिसतं, आमिष काय, सुटका होते का. लोककथांची वर्गवारी करणारी आर्ने-थॉम्पसन-उथर सूची यात मदतीला येईल. तिची सुरुवात १९१० ची आणि आज वापरतात ती आवृत्ती २००४ ची. व्लादिमीर प्रॉप या रशियन लोककथा-अभ्यासकानं १९२८ मध्ये शंभर रशियन परीकथा घेऊन त्यांतल्या घटनांचे ३१ प्रकार वेगळे काढले, तेही चाळ. मात्र त्याचे एकतीस खाने तुझ्या गोष्टींवर जबरदस्तीनं बसवू नकोस, त्याच्या कथा वेगळ्या जातीच्या होत्या.

दुसरी वाट मुलाखतींची: उघड्या पाण्याजवळ वाढलेली पाच-सहा वयस्कर माणसं आणि तशीच पाच-सहा तरुण.

तिसरी प्रयोगाची. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी केंब्रिजमध्ये वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक अपरिचित कथा देऊन ती पुन्हा पुन्हा सांगायला लावली. १९३२ च्या त्यांच्या पुस्तकात दिसतं की लोकांनी नकळत ती आपल्या ओळखीच्या जगात ओढून आणली: झाडाच्या खोडाची होडी जाऊन साधी बोट आली, सील मारायला निघालेले मासे पकडायला गेले. तुलाही एक गोष्ट आणि तीच माहिती देणारी साधी सूचना अशा दोन साखळ्या (पहिल्यानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला सांगायचं) चालवून कोणते तपशील टिकतात ते पाहता येईल.

मी तुझ्या जागी असते तर पहिली वाट धरली असती आणि दुसरीतल्या तीन-चार मुलाखती जोडल्या असत्या. तिसरी मोहक आहे, पण नीट करायची तर पुरेशी माणसं हवीत, महाविद्यालयाची परवानगी हवी आणि लहान मुलं घेतलीस तर पालकांची संमती हवी. तीन आठवड्यांत त्या भानगडीत पडू नकोस. पुढे मानसशास्त्राला गेलीस तर तेव्हा कर.

आराखडा द्यायच्या आधीच थोडं काम करून टाक, हा माझा आग्रह. या आठवड्यात ग्रंथालयात बसून पाच गोष्टी शोध आणि तक्ता भर. एका माणसाशी बोल. पाच गोष्टी सापडायलाच आठवडा गेला, किंवा तिसऱ्या गोष्टीपाशी जांभया आल्या, तर विषय बदलायला अजून दोन आठवडे आहेत. आराखड्यात शीर्षक शेवटी लिही. आधी प्रश्न, मग सामग्री कुठली ते, मग 'माझा अंदाज असा आहे आणि अमुक दिसलं तर तो चुकला असं मी मानेन' हे वाक्य. बाईंना 'कोणता घेऊ' विचारायला जाऊ नकोस. भरलेला तक्ता पुढे ठेव आणि यात कुठे कच्चं आहे ते विचार. त्यांचा सूर बदललेला तुला जाणवेल.

अशाच पेचात असलेल्या आणि पत्रात असं एखादं भरगच्च पान नसलेल्या वाचकांसाठीही थोडं. सगळेच विषय सारखेच बेचव वाटत असतील तर आवडीची वाट बघू नका, सामग्रीकडून सुरुवात करा. तुमच्या आवाक्यात असं काय आहे जे दुसऱ्याला सहज मिळणार नाही? एखादा जुना नोंदींचा गठ्ठा, वर्षानुवर्षांची पत्रं, एखाद्या व्यवसायात मुरलेलं घरातलं माणूस. आवड काम करता करता येते, निदान बऱ्याच जणांची तरी तशीच येते. महाविद्यालयानं ठरावीक यादीतलाच विषय दिला असेल तर शीर्षक त्यांचं ठेवा, त्याच्या पोटातला प्रश्न तुमचा घाला. बहुतेक मार्गदर्शकांना ते चालतं. आणि नेटवरच्या 'शंभर प्रकल्प-विषय' छापाच्या याद्या वाचायच्याच असतील तर स्वतःचं काही ठरल्यावर वाचा.

मुलाखतींबद्दल एवढं पाळ. रेकॉर्डिंग सुरू करण्यापूर्वी विचार, आणि होकार त्या रेकॉर्डिंगमध्येच येऊ दे. प्रकल्पात नावं घालू नकोस. सांगणाऱ्याला मध्येच दुरुस्त करू नकोस, आणि "यातून काय शिकायचं?" असं तर मुळीच विचारू नकोस, तुला जे सिद्ध करायचं आहे तेच उत्तर माणसं सौजन्यानं देऊन टाकतात. त्यापेक्षा विचार, ही गोष्ट तुम्हाला कुणी, कुठे बसून, कधी सांगितली? तासाभराचं रेकॉर्डिंग शब्दशः उतरवायला चार ते सहा तास सहज जातात, त्या हिशेबानंच मुलाखती ठरव. प्रत्येक रेकॉर्डिंग त्याच दिवशी फोनमधून दुसरीकडे काढून ठेव आणि फाइलला तारखेचं नाव दे.